पट्टी तुमची की गुरुजींची?

वाचक लिहितात: "मी २९ वर्षांची. बँकेत काउंटरवर काम करते. बारा वर्षं ख्याल शिकतेय, चार वर्षांपूर्वी विशारद झाले. रोज पहाटे साडेचारला उठून तासभर खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) भरते, अगदी मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जापर्यंत, मग काळी पाचला (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी 'सा' मानून) पलटे, म्हणजे स्वरांचे सराव, आणि यमन. गेले दोन महिने वीस मिनिटांतच आवाज जड होतो, तार (वरच्या सप्तकातल्या) मध्यमाला फाटतो आणि संध्याकाळी पार बसलेला असतो. गुरुजी काळी दोनमध्ये गातात, ते म्हणतात मेहनत वाढव. दहा आठवड्यांनी एका संगीत मंडळात ४५ मिनिटं गायचंय. यमन, बागेश्री आणि शेवटी भैरवी असं डोक्यात आहे. कधी वाटतं नोकरी सोडावी आणि गाण्यालाच वाहून घ्यावं. काय करू? – काळी पाचवाली"

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: 'दोन महिने'. सर्दीने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे होऊनही सुटला नाही, तर तो मेहनतीने मोकळा करायच्या फंदात पडू नये, डॉक्टरांना दाखवावा. याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि 'मी गाते' हे पहिल्याच वाक्यात सांगा. स्ट्रोबोस्कोपीची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारा. त्या तपासणीत लुकलुकत्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची थरथर संथ झाल्यासारखी दिसते. तंतू मिटताना फट राहते का, कडेला सूज किंवा बारीक गाठी आहेत का, हे त्यात कळतं. अतिवापराच्या गाठी बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात, पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे, कारण तंतू एकमेकांवर जास्तीत जास्त जोराने आपटतात ते त्याच जागी. गाठ म्हटल्यावर लगेच ऑपरेशन डोळ्यांसमोर आणू नका. अशा गाठींवर पहिला इलाज व्हॉइस थेरपीचा असतो आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो.

रिपोर्ट हातात येईपर्यंत तार सप्तक बंद, ताना बंद. कुजबुजणंसुद्धा बंद. आवाजाला विश्रांती म्हणून बरेच जण कुजबुजत बोलतात, पण त्यात गळा आवळला जातो. एक तर हळू, नेहमीच्या आवाजात बोला, नाही तर गप्प राहा.

आता काळी पाच. ही पट्टी तुम्हाला कुठून मिळाली? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. गुरुजींचा षड्ज काळी दोन, आणि काळी दोनचा पंचम म्हणजे काळी पाच. त्यांच्याच तंबोऱ्यावर त्यांचा पंचम तो तुमचा षड्ज, अशी सोय लागली असणार. पुरुष गुरू आणि शिष्या असल्या की ही सोय सर्रास होते, त्यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. पण ती पट्टी गुरुजींच्या गळ्यावरून ठरली, तुमच्या नव्हे. सतराव्या वर्षी ती चालून गेली, कारण तेव्हा तुम्ही सलग दहाच मिनिटं गात होतात आणि तार सप्तकात मुक्काम करायची वेळच येत नव्हती. अर्धा तास विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मांडायचा म्हटल्यावर हिशोब बदलतो.

हिशोब असा. काळी पाचच्या षड्जाला स्वरतंतू सेकंदाला साधारण २३३ वेळा मिटतात-उघडतात, काळी चारच्या षड्जाला २०८ वेळा. तुमचा गळा फाटतो तो काळी पाचचा तार मध्यम, म्हणजे सुमारे ६२२. काळी चारला हाच आकडा तार पंचमाला येतो. म्हणजे पट्टी एक स्वर उतरवलीत की आज जिथे फाटताय ती जागा मध्यमावरून उठून पंचमावर जाते आणि तार मध्यम मोकळा होतो. यमनातली बढत (रागाचा विस्तार) तार गंधारापर्यंत भरपूर होते, त्यावर क्वचित तीव्र मध्यमाचा स्पर्श. एवढं तुमच्या आजच्या गळ्यातही बसेल.

मात्र आमच्या सांगण्यावरून पट्टी ठरवू नका, तपासा. डॉक्टरांनी गायला परवानगी दिल्यावर तीन वेगवेगळ्या दिवशी, एकदा सकाळी आणि दोनदा संध्याकाळी, गळा दहा मिनिटं तापवून काळी पाच, पांढरी सहा आणि काळी चार या तिन्ही पट्ट्या लावून बघा. प्रत्येकीत मंद्र पंचमावर आकार, म्हणजे 'आ', धरा. नुसती हवा न येता आवाजाला वजन येतं का? मग तार गंधारावर दहा सेकंद थांबा, समोर आरसा ठेवून. हनुवटी वर गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या किंवा आकाराचा एकार झाला, तर ती पट्टी तुमची नाही. फक्त सकाळी तपासून पट्टी ठरवणं ही नेहमीची चूक. झोपेतून उठल्यावर स्वरतंतू थोडे सुजलेले, जड असतात, त्यामुळे खालचे स्वर फुकटात मिळतात आणि माणूस पट्टी गरजेपेक्षा खाली आणून बसतो. कार्यक्रम तर संध्याकाळीच असतात.

पट्टी उतरवणं म्हणजे हार, असं गाणाऱ्या बायकांच्या मनात उगाच बसलेलं असतं. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या उपचारांनंतर पार खाली उतरला, आणि त्याच आवाजावर त्यांनी पुढची सगळी कारकीर्द उभी केली. तुम्हाला तर एकच स्वर उतरायचंय.

गुरुजींना हे सांगायचं कसं, ही तुमची खरी अडचण असावी. 'काळी पाच मला झेपत नाही' असं म्हणू नका, त्यावर मेहनत वाढव हेच उत्तर येणार. तालमीच्या आधी, बाकीचे शिष्य नसताना, "गुरुजी, डॉक्टरांनी सूज सांगितली आहे. काळी चारला तार गंधार कसा लागतो, एकदा ऐकता का?" एवढंच विचारा आणि गाऊन दाखवा. फरक कानाला कळतो, वाद घालावा लागत नाही. सोयीचंही काही बिघडत नाही: काळी चार हा गुरुजींचा मध्यम, आणि त्यांचा षड्ज हा तुमचा पंचम. फक्त तुमच्यासाठी दुसरा तंबोरा लावावा लागेल. एकाच तंबोऱ्यावर दोघांनी भागवलंत, तर जोडाच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा तुम्हाला सतत पंचम ऐकवत राहतील आणि तुमचा षड्ज डळमळेल.

घरच्या तंबोऱ्याचंही काम निघेल. काळी पाचला ताणलेल्या तारा एक स्वर उतरवल्या की सैल पडतात आणि भसाड्या वाजतात. जरा जाड तारा घालून घ्या. त्यानंतर घोडीवर तारेखाली घातलेला जवारीचा दोरा नव्याने बसवावा लागतो. तार छेडत राहायची आणि दोरा घोडीवर केसाएवढा पुढे-मागे सरकवायचा. एका जागी तार नुसती 'टण्' वाजते, थोडं पुढे गेलं की चरचरते, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेवर झंकार एकदम उमलतो. तिथे थांबा, मग मण्याने शेवटची बारीक जुळणी. चारही तारा अशा लागल्या की खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, गंधार ऐकू येऊ लागतो. तो स्वयंभू गंधार. यमनात न्यास करायचा, म्हणजे गंधारावर थांबायचं, तो या गंधाराशी मिळवून. हार्मोनियमचा गंधार याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा. पेटीवर रियाज करणाऱ्यांचा यमन 'बरोबर असून लागत नाही' तो बहुतेकदा यामुळेच. पहाटे मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तो आधार भरून काढायला आपण गळा दाबतो. मोठा स्पीकर जोडा किंवा एका कानात इअरफोन घाला.

खर्ज. तासभर, आणि तोही मंद्र षड्जापर्यंत, हे तुमच्या गळ्याचं काम नाही. काळी पाचचा मंद्र षड्ज म्हणजे सेकंदाला ११७ आंदोलनं. तो पुरुषांच्या गळ्याचा प्रदेश. बायकांचा गळा तिथे पोचतो तो बहुधा हनुवटी छातीला टेकवून, घसा दाबून, आणि निघते ती नुसती घरघर. खर्ज भरायचा तो श्वास लांबवण्यासाठी आणि आवाज गोल होण्यासाठी. दाबून काढलेला खर्ज या दोन्हींपैकी काहीच देत नाही. मंद्र पंचमापर्यंत जा, आवाज कापायला लागला की एक स्वर वर येऊन थांबा. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

साडेचारला उठून लगेच गाऊ नका. आणि रात्री झोपता कधी, हे पत्रात नाही. साडेपाच तासांच्या झोपेवर केलेल्या रियाजापेक्षा सात तास झोपून सहाला उठून केलेला पाऊण तास जास्त कामाचा. उठल्यावर अर्धा तास तोंड धुणं, पाणी, हालचाल यात जाऊ द्या. मग तीन मिनिटं स्ट्रॉ: पेल्यात पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, षड्जावरून पंचमापर्यंत आणि परत. बाहेर जाणारी हवा अडल्यामुळे तंतूंवर वरूनही हलका दाब येतो आणि ते एकमेकांवर न आदळता सैलसे मिटतात. पाच मिनिटं ओठ मिटून गुंजन. मग खर्ज, मग पलटे मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, आधी मात्रेला दोन स्वर, ते स्वच्छ निघाले तरच चार. लय वाढवताना पाच-पाच मात्रांनीच वाढवा. शेवटी पुन्हा दोन मिनिटं गुंजन करत खाली उतरा. हे शेवटचं सगळेच गाळतात आणि तापलेला गळा घेऊन थेट बोलायला लागतात.

ताना आणि तार सप्तक संध्याकाळच्या पाऊण तासात. काउंटरवर जास्त बोलणं झालं असेल, त्या दिवशी ते सोडून द्या आणि बंदिशी डोक्यात म्हणा: बोटांवर मात्रा मोजत, ओठ न हलवता, ठेका मनात. येण्या-जाण्याच्या प्रवासात हा रियाज अर्धा-पाऊण तास आरामात होतो आणि त्याचं गळ्याला एका पैशाचंही बिल येत नाही. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस कित्येक बायकांचे तंतू किंचित सुजतात आणि वरचे स्वर बोथट होतात. तेव्हा ताना रेटू नका.

तुमचा गळा रियाजाने कमी आणि काउंटरने जास्त दमतोय, अशी आमची शंका आहे. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून दिवसभर वरच्या सुरात बोलणं म्हणजे चुकीच्या पट्टीतला सहा-सात तासांचा रियाजच. काउंटरवर माइक असेल तर तो वापरा, नसेल तर मागा. ग्राहकाला शक्य ते लिहून दाखवा. तासातली पाच मिनिटं गप्प. खाकरायची सवय असेल तर ती मोडा: खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात आणि नवा कफ सुटतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळा.

पाण्यावरून आठवलं. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेने जातं. शरीरात मुरून तिथवर ओलावा पोचायला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या आधी बाटली रिकामी करून उपयोग नाही, पाणी दिवसभर प्यायला हवं. वाफ मात्र थेट तंतूंपर्यंत जाते: साधी, औषध न घातलेली, पाच-सात मिनिटं. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी घशाला बरं वाटतं, तेवढ्यापुरत्या जरूर चघळा, पण आवाज 'उघडण्याची' अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका. दही आणि लोणच्याला गाणाऱ्यांनी फार बदनाम केलंय. त्यापेक्षा रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होणं वाईट, कारण पोटातलं आम्ल रात्रभर वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लागत राहतं आणि सकाळी आवाज घोगरा येतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. सर्दीच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, अ‍ॅस्पिरिनने सुजलेल्या तंतूंत रक्तस्रावाचा धोका वाढतो. कार्यक्रमाच्या आठवड्यात दोन्ही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आता ती ४५ मिनिटं. बागेश्री काढून टाका. दोन राग अर्धे अर्धे गाण्यापेक्षा एक यमन नीट मांडा. भैरवीबद्दल आधी मंडळाला विचारा की तुमच्यानंतर कोणी गाणार आहे का. असेल, तर भैरवी तुमची नाही. भैरवी झाली म्हणजे मैफल संपली, आणि ती संपवायचा मान शेवटच्या कलाकाराचा. त्या जागी अभंग घ्या.

वेळ अशी वाटा: मंचावर तंबोरा पुन्हा तपासायला तीन मिनिटं, रागाची ओळख करून देणारी आलापी दोन, बडा ख्याल २४, छोटा ख्याल नऊ, अभंग (किंवा भैरवी) सात. बारा मात्रांच्या विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं, म्हणजे २४ मिनिटांत तीस आवर्तनं. स्थायीला दोन, षड्ज ते गंधार नऊ, पंचमापर्यंत पाच, निषादाभोवती चार, तार षड्ज आणि अंतरा पाच, उरलेली पाच बोलअंग (बंदिशीचे शब्द घेऊन केलेला विस्तार) आणि तानांना. नवखे गायक घाबरून सातव्या-आठव्या आवर्तनात तार षड्जावर पोचतात आणि मग अर्धा वेळ तिथेच ओरडत काढतात. गळा तिथे जातो. यमन खाली, मंद्र निषाद ते गंधार या टापूत जितका रेंगाळेल तितका तुमचा आवाज टिकेल. रागही तिथेच उभा राहतो.

मुखडा, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, चुकतो तो कुठे, तेही बघून ठेवा. एकतालात 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्याला. आलापात रमलेल्या गायिकेला पहिलंच दुसरं वाटतं, ती मुखडा उचलते आणि समोर 'तू ना' येऊन उभं राहतं. खूण सोपी आहे: ज्याच्या आधी 'क त्ता' वाजलं ते खरं. 'क त्ता' ऐकू आलं की आलाप आवरता घ्या, 'तिरकिट'वर श्वास, 'धी ना' या दोन मात्रांत मुखडा आणि 'धिं'वर सम. तबलजी सोबत नसतील तेव्हा ठेका लावून हेच रोज दहा मिनिटं करा, फार आवाज न लावता.

तबलजींना काळी चार ही पट्टी आठवडाभर आधी कळवा. या पट्टीला तबला बरेचदा पंचमात, म्हणजे काळी दोनमध्ये मिळवतात, आणि त्या सुराचा तबला त्यांनी घरून आणायचा असतो. मंचावर माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. ध्वनिव्यवस्थेवाल्याला तुमच्या मॉनिटरमध्ये तंबोरा आधी द्यायला सांगा, तुमचा आवाज नंतर. स्वतःला ऐकू आलं नाही की गायिका जोर लावते, आणि दहा आठवड्यांची सगळी काळजी दहा मिनिटांत धुऊन जाते. त्या दिवशी पूर्ण तालीम नको, पंधरा मिनिटं गळा तापवा आणि बस्स.

नोकरीबद्दल आमचं मत रोखठोक आहे: आत्ता नाही. पूर्ण वेळ मिळाला तर तुम्ही आज काय कराल? सुजलेल्या गळ्याने, परक्या पट्टीत, दीड तासाऐवजी सहा तास गाल. शिवाय नोकरी सोडणाऱ्या बहुतेक गायकांचं घर मैफलींवर चालत नाही, शिकवण्यांवर चालतं. मानधनातून साथीदारांचं आणि प्रवासाचं वजा केल्यावर नव्या कलाकाराच्या हातात फारसं राहत नाही. शिकवणी म्हणजे रोज चार-पाच तास मुलांच्या पट्टीत पलटे म्हणणं, गळ्याच्या दृष्टीने बँकेच्या काउंटरहून वाईट. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे, ते वय तुमचं उलटलं. आकाशवाणीची ऑडिशन देता येईल. तिथे बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत, आणि श्रेणी मिळाली की इतर मंडळंही जरा गांभीर्याने बघतात. पण ती आवाज सुधारल्यावर, वर्षभराने. सलग दीड तास गाऊनही दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज स्वच्छ राहतोय, पंचवीसेक राग बडा-छोटा ख्यालासह तयार आहेत आणि दीड वर्षाचा घरखर्च बाजूला पडलाय, असं झालं की हा प्रश्न पुन्हा काढा आणि तेव्हाही आधी गुरुजींशी बोला.

एक तारीख वहीत लिहून ठेवा: आजपासून सहावा आठवडा. त्या आठवड्यात काळी चारला यमन सलग ३५ मिनिटं गा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज कसा आहे ते बघा. स्वच्छ असेल तर कार्यक्रम पक्का. जड असेल किंवा डॉक्टर नको म्हणत असतील, तर मंडळाच्या कार्यवाहांना त्याच दिवशी फोन करून पुढची तारीख मागा. चार आठवडे हातात असताना त्यांना दुसरा गायक मिळतो आणि तुमचं नाव यादीत राहतं. आदल्या दिवशी कळवलंत, तर दोन्ही जातं.